बंद फोन वाजला तेव्हा

आमच्या घरातला फोन मेला तो वैशाखातल्या वादळात. असोद्याच्या शिवारातल्या केळीच्या बागा त्या संध्याकाळी आडव्या झाल्या आणि बागांबरोबर टेलिफोनचे खांबही. बागांसाठी गाव महिनाभर रडलं. फोनसाठी हळहळणारी माणसं दोनच, माझे वडील आणि माझी आई, आणि दोघांची कारणं अगदी वेगळी होती.

वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. व्यापाऱ्यांना केळीचे ट्रक भरून देण्याचं त्यांचं काम होतं, आणि त्यासाठीच कितीतरी वर्षं नंबर लावून त्यांनी तो काळा फोन मिळवला होता. गल्लीत तो एकटाच. त्यामुळे अर्ध्या गल्लीने आपापल्या नातेवाइकांना आमचाच नंबर देऊन ठेवला होता. सुरतहून, नाशिकहून, रावेरहून फोन यायचे. पण बारसं, साखरपुडा, बदली यांसाठी तेव्हा कोणी फोन करत नसे, ते पोस्टकार्डावर भागायचं. फोन यायचा तो बहुतेक कोणी गेलं म्हणूनच.

आणि या कामात नानांचा हातखंडा होता. फोनवर कोणी 'वारले' असं म्हणत नाही. तिकडचा माणूस म्हणायचा, तब्येत जास्त झाली, लगेच निघा. नाना रिसीव्हर ठेवायचे, टोपी घालायचे आणि ज्याचं माणूस गेलं असेल त्याच्या ओट्यावर जाऊन बसायचे. आधी पाणी मागायचे. मग कापसाचं विचारायचे. मग खाली बघत म्हणायचे, "तुही माय जरा जास्त हाये. जाऊन ये." आत बायकांचा गलका सुरू व्हायचा, आणि नाना हात जोडून म्हणायचे, "रडू नका, जीव हाये आजून." कोणालाही ते खरं वाटत नसे आणि वाटावं अशी नानांचीही अपेक्षा नसे. माणूस दारापर्यंत धडपणे पोचावं म्हणून तसं सांगायचं असतं, असं ते म्हणत. गल्ली त्यांना या बाबतीत फार मानायची. मला मात्र त्यांच्या त्या पडलेल्या आवाजाची तेव्हाही चीड यायची. जेवणात मीठ कमी आहे हे सांगताना हाच माणूस घर डोक्यावर घ्यायचा.

आईचं कारण म्हणजे तिची अक्का. आई धुळ्याकडची. लग्न होऊन असोद्याला आली तेव्हा तिच्या तोंडातल्या 'आहे'ऐवजीच्या 'शे'ला सगळं सासर हसलं. आजी तर पाहुण्यांसमोर तिला मुद्दाम बोलायला लावायची. मग आईने हळूहळू आमची इकडची बोली उचलली आणि स्वतःची पेटीत घालून ठेवली. ती पेटी उघडायची फक्त फोनवर. थोरली बहीण धुळ्यात दिलेली. माहेरी भाऊ नाही, आईवडील गेलेले, घर पडलेलं. दोघी बहिणी म्हणजेच एकमेकींचं माहेर. पंधरवड्यातून एकदा तिकडून फोन यायचा आणि आई भिंतीकडे तोंड करून, पदर डोक्यावरून ओढून ओरडायची, "काय करी ऱ्हायनी वं अक्का? बठ्ठा बरा शेतस ना?" त्या वेळी तिचा आवाज एखाद्या मुलीसारखा व्हायचा. फोन ठेवला की पुन्हा आमची आई.

वादळानंतर हे सगळं थांबलं. खांब उभे राहिले, तारा ओढल्या गेल्या, दुसऱ्या गल्ल्यांतले फोन सुरू झाले. आमचा मात्र मुकाच. नानांनी जळगावला खेपा घातल्या. लाइनमन येऊन बघून गेला, जमिनीत केबलला पाणी लागलंय म्हणाला, आणि परत फिरकला नाही. नाना तरी रोज सकाळी फोन पुसत. दसऱ्याला त्या मेलेल्या फोनला झेंडूची माळ घातली तेव्हा मी हसले, तर मला बोलणी बसली. आई जाता-येता रिसीव्हर उचलून कानाला लावायची. आतून सूंऽऽ असंही काही यायचं नाही. ती तो ठेवून द्यायची आणि कामाला लागायची.

दिवाळीत मावशीच्या मुलीचं पत्र आलं होतं, मावशीला पोटाचं दुखणं आहे, औषध चालू आहे. मावशीच्या पोटी ही एकच मुलगी, सासर धुळ्यातच, म्हणून ती मावशीजवळ राहायला आलेली. आई म्हणाली, कापसाची वेचणी संपली की जाते. त्या वर्षी वेचणी लांबली. संसारी बाईचं निघणं असंच असतं, कापूस, गाय, सासू, पाहुणे यांतून उरलं तर. मी तेव्हा जळगावच्या कॉलेजात जायचे आणि 'अगं, एक दिवस जाऊन ये की' असं म्हणायचे. म्हणायला काय जातं.

थंडीचे दिवस होते. चुलीसमोर आई भरताची वांगी भाजत होती, मी ओट्यावर पुस्तक घेऊन उन्हात बसले होते, नाना दाढी करत होते. आणि फोन वाजला.

कोणालाच कळेना कसला आवाज आहे तो. इतक्या महिन्यांत त्या आवाजाची सवयच मोडली होती. आजी म्हणाली, शाळेची घंटा. मग आई हातात जळकं वांगं तसंच धरून दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "फोन!" त्या वेळी तिच्या तोंडावर जो आनंद होता तो मी विसरलेले नाही. तिला ठाऊक होतं, तिच्याशिवाय कोणासाठी असणार?

पण फोन उचलायचा अधिकार नानांचा. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून त्यांनी तो उचलला. पलीकडे मावशीची मुलगी होती. तेव्हा धुळ्यात पिवळ्या पाट्यांची फोनची दुकानं नुकतीच झाली होती, तशा एका दुकानातून ती बोलत होती. ती इतक्या मोठ्याने ओरडत होती की मला ओट्यावर शब्द न् शब्द ऐकू आला. "नाना, आई भलती बिमार शे! डॉक्टरनी घर लई जा सांगं. पन जीव शे आजून! बोली ऱ्हायनी! मावशीलेच बलाई ऱ्हायनी! लगेच निंघा!" नाना हॅलो हॅलो करत राहिले. खरखर झाली, आणि फोन परत मेला. नंतर त्यांनी कितीदा तरी बटण दाबून पाहिलं.

त्यांनी रिसीव्हर ठेवला. साबण पुसला. आईकडे न बघता म्हणाले, "मले जरा पानी दे."

बस. पाणी मागितलं तिथेच संपलं. आईने ते पाणी मागणं गल्लीतल्या किती ओट्यांवर ऐकलं होतं. वांगं तिच्या हातातून खाली पडलं आणि ती जमिनीवर बसली. मी म्हणाले, नाना, ती जिवंत आहे, आईलाच बोलावतेय म्हणून सांगत होती, मी ऐकलं. नाना माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी कालच जन्मले. "सारे आसंच सांगता," ते म्हणाले. "म्या सोता कितीक जनाले सांगेल हाये. कोनी फोनवर मेली म्हनते का?" घरात आलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या. काकांनी हलवली, काकूने हलवली, शेजारच्या म्हातारीने हलवली. मला वाटलं, असेल. एवढ्या माणसांना कळतं ते मला कुठून कळणार? आणि परत फोन करून विचारावं, तर आमचा पुन्हा मुका, आणि ती ज्या दुकानातून बोलली त्याचा नंबर कोणाकडेच नव्हता.

मग जे सुरू झालं ते अगदी रीतीप्रमाणे. मावशी सवाष्ण गेलेली, म्हणजे शेवटचं लुगडं माहेरचं, हिरवं. माहेर म्हणजे आम्हीच. काका मोटरसायकलवर जळगावला गेले. आमच्या नेहमीच्या मारवाड्याच्या दुकानात त्यांनी कशासाठी ते सांगितलं, आणि त्या भल्या माणसाने चार लुगडी बाजूला सारून जरीच्या काठाचं चांगलं काढून दिलं. चोळीचा खण, बांगड्या, कुंकू, सगळं आणलं. इकडे नातेवाइकांना निरोप गेले. रडायला दोन जाणत्या म्हाताऱ्या बरोबर घेतल्या. केळी वाहायचा टेम्पो आला, त्यातली वाळकी पानं झाडून सतरंजी टाकली. आणि सगळ्यांनी जेवून घेतलं, कारण मयताच्या घरी माती होईपर्यंत घास मिळत नाही. आईनेच भाजलेल्या वांग्यांचं भरीत काकूने केलं. मी पण जेवले. आई एका कोपऱ्यात बसून होती आणि तिला कोणी घाई करत नव्हतं. कोणालाच घाई नव्हती. माहेरचं लुगडं आल्याशिवाय मावशीला उचलणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. गेलेलं माणूस थांबतं.

निघालो तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं. एरंडोल गेलं, तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "आहो, पोरगी म्हने का अक्का बोलते हाये." नाना पुढे ड्रायव्हरशेजारी होते, त्यांना ऐकू गेलं नाही. काकू म्हणाली, आता मनाला लावून घेऊ नको. पारोळ्याला नानांनी टेम्पो थांबवला. पुढे चहा मिळायचा नाही म्हणून. सगळे उतरले, चहा प्याले, म्हाताऱ्यांनी तंबाखू मळली. आई टेम्पोतच बसून राहिली, ते हिरवं लुगडं मांडीवर घेऊन. मी तिला कपबशी नेऊन दिली. तिने चहा रस्त्यावर ओतला आणि बशी मला परत दिली.

मावशीची गल्ली यायच्या आधीच बायका उतरल्या. तशी रीतच आहे, कोपऱ्यापासून रडत जायचं. दोन्ही म्हाताऱ्यांनी पदर ओढले आणि हेल काढला, आणि त्यांच्या मागून आईचा आवाज फुटला. सकाळपासून दाबून धरलेला. "मन्ही अक्का वं! माले सोडी गई वं अक्का!" ती छाती पिटत पळत होती आणि मी तिच्या मागे. लोक दारांत आले. त्यांच्या तोंडावर दुःख नव्हतं, गोंधळ होता. मी पाहिलं, मावशीच्या ओट्यावर एकही पुरुष टोपी घालून बसलेला नव्हता. बांबू नव्हते, गवऱ्या पेटलेल्या नव्हत्या. दोरीवर कोणाचं तरी धुणं वाळत होतं.

दारातून मावशीची मुलगी हातात वाटी-चमचा घेऊन धावत बाहेर आली. "जित्ती शे!" ती ओरडली. "गप्प व्हा माय, जित्ती शे ती!"

म्हाताऱ्या एकदम गप्प झाल्या. आई मात्र थांबेना. तिला कळतच नव्हतं. तिला दोघींनी धरून आत नेलं तेव्हाही तिच्या घशातून तो हेल येतच होता.

मावशी पुढच्या खोलीत खाटेवर होती, गल्लीकडच्या खिडकीखाली. हाडं आणि डोळे एवढंच उरलं होतं, पण डोळे जागे होते. तिच्या मुलीने मला नंतर सांगितलं, गल्लीच्या टोकाला रडणं सुरू झालं तेव्हा मावशीने मान वळवली होती. बहिणीचा आवाज तिने ओळखला होता. आणि विचारलं होतं, "कोन मरनं?"

आई खाटेजवळ बसली. बसताना लुगडं लपवायचं तिला सुचलं नाही. ते तिच्या काखेतच होतं, कागदातून हिरवा काठ बाहेर आलेला. मावशीने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या काठाकडे पाहिलं. खोलीत आम्ही सगळे उभे होतो, मावशीचे यजमान उशाशी, नाना दारात टोपी हातात घेऊन. मावशीने दोन बोटं उचलली.

"दखाड," ती म्हणाली.

आई हलेना. मग मावशीनेच काठ बोटांत धरला, चाचपला, बायका दुकानात चाचपतात तसा. "काठ बरा शे," ती म्हणाली. एवढंच. त्यानंतर ती कोणाशी बोलली नाही. तिचे ओठ हलत, आई कान लावे, पण शब्द होत नसे. सकाळपासून ती बोलत होती, तिची मुलगी सांगत होती. लहानपणचं काय काय, विहिरीवरचं, त्यांच्या आईचं. बहिणीशी काहीतरी बोलायचंय म्हणत होती. काय ते मुलीला सांगितलं नाही, ती आली की तिलाच सांगेन म्हणे. आता येईल, गाडी आली का बघ, असं दुपारपर्यंत चाललेलं. मग दमली. रोज फोन लावत होते, मुलगी म्हणाली, रोज जाऊन त्या दुकानात उभी राहायचे, लागायचाच नाही, आज लागला तेव्हा माझाच विश्वास बसेना.

दिवेलागणीच्या आधी मावशी गेली. तिला ते हिरवं लुगडं नेसवलं. बायका म्हणाल्या, नशीबवान, डोळ्यांदेखत माहेर आलं. मी तिथून उठून मागच्या अंगणात गेले, नाहीतर त्या बायकांना मी काहीतरी बोलले असते.

नानांनी पुढे कधीही त्या दिवसाचं नाव काढलं नाही. चुकलं असं म्हणाले नाहीत आणि मी तरी ते ऐकायला गेले नाही. मला त्यांचा राग होता, अजूनही आहे, आणि माणूस जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो मऊ होत नाही. त्यांच्या जागी गल्लीतलं कोणीही असतं तरी पाणीच मागितलं असतं, हे मला कळतं. कळून राग जात नसतो. एक मात्र झालं. काही दिवसांनी लाइनमन येऊन फोन नीट करून गेला, आणि त्यानंतर कोणासाठी तसा फोन आला की नाना ओट्यावर जाऊन बसत नसत. त्या माणसालाच बोलावून आणत आणि रिसीव्हर त्याच्या हातात देऊन बाहेर निघून जात. गल्ली नाराज झाली. नाना पूर्वीसारखे राहिले नाहीत, असं लोक म्हणायचे.

आईने फोनला हात लावायचं सोडलं. वाजला तर ती चुलीपुढून उठायची नाही. आणि तिची ती बोलीही बंद झाली. मी कधी मुद्दाम 'शे' म्हणून तिला चिडवायला गेले तर ती नुसती बघायची. मावशीच्या मुलीशी बोलायची तीसुद्धा आमच्याच बोलीत, तेही ती आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आली तर.

नाना गेले ते नव्वदचं दशक सरता सरता. सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसले होते, तिथेच मान टाकली. डॉक्टर येऊन गेले, संशयाला जागा नव्हती. घर माणसांनी भरलं. मी जळगावहून येऊन पोचले तेव्हा काका फोनपाशी बसून नातेवाइकांना एकेक करून कळवत होते, तोच आवाज, तेच शब्द. नानांची तब्येत जरा जास्त आहे, लगेच निघा, हो, हो, जीव आहे अजून. नाना पलीकडच्या खोलीत जमिनीवर निजवलेले होते.

काकांनी धुळ्याचा नंबर फिरवला. आई भिंतीला टेकून बसली होती, बायका तिला धरून होत्या. ती उठली. त्या बायकांच्या हातांतून सुटून, सरळ चालत फोनपर्यंत आली आणि काकांच्या हातातून तिने रिसीव्हर काढून घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला.

"गयात," ती म्हणाली. मावशीची मुलगी पलीकडून काहीतरी म्हणाली असावी, कारण आई परत म्हणाली, "नही, खरंच गयात. जीव नही शे." काका उठून उभे राहिले, वहिनी, असं कोणी सांगतं का, म्हणाले. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"जेवीसन निंघ, बेटा," ती म्हणाली. "घाई करू नको."